शांतता! मारामारी चालू आहे

आमच्या घरी कौटुंबिक सिनेमा लावायचा नाही, असा अलिखित ठराव आहे. तो कुणी मांडला आणि अनुमोदन कुणी दिलं, ते आता कुणाला आठवत नाही. विरोधात मात्र कुणीच नव्हतं. मारधाडीचा कोणताही लावा. माणसं हवेत उडू द्या, गाड्या पेटू द्या, खलनायक गोदामासकट वर जाऊ द्या, घरात कुणाचा आवाज चढत नाही. आजी जप करता करता बघते, पोरं जेवता जेवता बघतात, बाबा झोपेत बघतात. पण पडद्यावर एखाद्या हवेलीत दिवाळी सुरू झाली आणि सगळे भाऊ एकाच रंगाचे कुर्ते घालून जिन्यावरून उतरू लागले, की आमच्यातल्या कुणाचा तरी हात रिमोटकडे जातो. पुढे काय होणार ते पाठ असतं. सिनेमातलं नव्हे, आमच्याकडचं.

‘सहकुटुंब पाहावा असा’ हे जाहिरातीत छापणाऱ्या माणसाचं कुटुंब नवरा, बायको आणि कुंडी एवढंच असावं. त्याने आमच्याकडे येऊन एकदा ‘बागबान’ पाहावा.

एका दिवाळीत आम्ही तो पाहिला. २००३ सालचा सिनेमा. अमिताभ बच्चन, हेमा मालिनी, चार मुलगे, आणि बाप निवृत्त झाल्यावर आईबापाचीच वाटणी: वडील एकाकडे, आई दुसऱ्याकडे. म्हाताऱ्याच्या टाइपरायटरचा रात्री आवाज होतो म्हणून घरात कुरबुर सुरू होते, तिथे आमचे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, नुसते खाकरले. तेवढं पुरे झालं.

“कोणाले बोलून रायले जी?” मोठ्या आईनं विचारलं.

“कोणालेच नाई. टाइपरायटरले.”

वहिनी उठून आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. दादा, म्हणजे मोठेबाबांचा मुलगा, टीव्हीकडेच बघत म्हणाला, “बाबा, तुमच्या रेडिओले आमी कधी काही म्हटलं का?” रेडिओचा विषय तोवर कुणीच काढला नव्हता. मग तो निघाला, आणि त्याच्यामागून विहिरीच्या पाण्याची पाळी, विकलेली बैलजोडी, आत्याच्या लग्नात कुणी किती लावले, असं सगळं निघत गेलं. शेवटी अमिताभ उभा राहून मोठं भाषण करतो. ते ऐकायला खोलीत फक्त आजी उरली होती आणि तिला कमी ऐकू येतं.

मुळात हा माल आपलाच. राजा परांजपे यांनी १९५४ साली ‘ऊन पाऊस’ काढला, त्यात म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको अशीच मुलांमध्ये वाटली जातात. १९९८च्या ‘तू तिथे मी’मध्ये मोहन जोशी आणि सुहास जोशी यांच्या वाट्याला तीच गत आली. इतकी वर्षं मराठी म्हातारा पडद्यावर एका मुलाकडून दुसऱ्याकडे पिशवी घेऊन जातो आहे आणि घराघरांतल्या सुना ते बघत बसल्या आहेत. एकीनेही अजून टीव्ही फोडलेला नाही, हे त्यांच्या सोशिकपणाचं लक्षण समजावं.

आता कुणी विचारेल, एवढा त्रास आहे तर घरी कशाला बघता, थिएटरात जा. कारंजा (घाडगे) हे गाव नागपूर-अमरावती महामार्गावर, दोन्ही शहरांच्या जवळजवळ मधोमध आहे. कंसातले घाडगे लिहावेच लागतात, नाहीतर आमचं पार्सल वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडची यात्रा करून येतं. मल्टिप्लेक्स गाठायचं तर कोणत्याही दिशेने साधारण पाऊणशे किलोमीटर. एकदा मोठेबाबांना नागपूरला नेलं होतं. त्यांनी पॉपकॉर्नचा डबा हातावर तोलला, मक्याला क्विंटलमागे काय भाव पडला याचा मनात हिशेब केला आणि पूर्ण सिनेमाभर शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाला कोणत्या बाजार समितीत हा भाव मिळतो ते विचारत राहिले. तेव्हापासून सिनेमा घरीच, कच्च्या चिवड्यावर.

घरी सिनेमा बघण्याची आमची परंपरा व्हिडिओपासूनची आहे. गणपतीत किंवा घरात काही कार्य झालं की व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि कॅसेटा एका रात्रीच्या भाड्याने यायच्या. कॅसेटांचा क्रम ठरलेला. आधी देवाचा, म्हणजे बहुधा ‘जय संतोषी माँ’. मग बायकांसाठी रडण्याचा. मग मध्यरात्रीनंतर, बायका आणि पोरं आडवी झाली की, मारधाडीचा. पडद्यावर मुंग्या आल्या की व्हिडिओवाला झाकण उघडून हेड पुसायचा, आणि तो पुसत असताना आख्खं अंगण श्वास रोखून बसायचं. १९९१चा ‘माहेरची साडी’ अंगणात लागला तेव्हा अलका कुबल पडद्यावर जेवढी रडली त्याहून जास्त पाणी आमच्या अंगणात गेलं, असं मोठी आई सांगते. त्यानंतर आठवडाभर घरातली प्रत्येक सून माहेरी जायला निघाली होती आणि प्रत्येक सासू आपण पडद्यावरच्या सासूसारख्या नाही हे शेजारणींना पटवत फिरत होती. मध्यरात्रीनंतरच्या मारधाडीने मात्र कुणाच्या संसारात काडी पडल्याचं ऐकलं नाही. माणसं सकाळी जांभया देत वावरात जायची, एवढंच नुकसान.

माझं म्हणणं पटत नसेल त्यांनी १९९९ साल आठवावं. त्या वर्षी ऑक्टोबरात महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ आला आणि नोव्हेंबरात राजश्रीचा ‘हम साथ साथ हैं’. दोन्हींत आई एकच, रीमा लागू. दुसऱ्या सिनेमात ती मैत्रिणींचं ऐकून सावत्र मुलाला घरापासून दूर पाठवते. त्याला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, फक्त वाटणीचं बोलते. तो सिनेमा बघून आमच्याकडे मोठेबाबा आणि बाबा पोळ्यापर्यंत एकमेकांशी नीट बोलत नव्हते. सात-बाराची पिशवी कपाटातून बाहेर आली होती. ‘वास्तव’मध्ये तीच बाई पोटच्या पोराला स्वतःच्या हाताने गोळी घालते. आमच्या घरात सगळ्यांनी तो शांतपणे पाहिला. आजी म्हणाली, “बरं केलं माय, सुटला बिचारा,” आणि कूस बदलून झोपली. गोळीने घर फुटत नाही. वाटणी हा शब्द नुसता कानावर पडला तरी फुटतं.

मारधाडीच्या सिनेमालाही आमच्याकडे समीक्षा असते, पण ती वेगळ्या खात्यात मोडते. मोठेबाबा तो सिनेमा बघत नाहीत, पंचनामा करतात. पिकाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ, हा हिशेब त्यांना आयुष्यभर पुरला असल्यामुळे सिनेमालाही ते ताऱ्यांऐवजी पैसेच देतात. “पस्तीस पैसे,” एवढं म्हटलं की तो सिनेमा दुष्काळग्रस्त. फार आवडला तर “साठ पैसे, पण पुढं पाणी पाह्यजे.”

साउथचे हिंदीत डब केलेले सिनेमे त्यांच्या खास अभ्यासाचे. नागार्जुनचा ‘मास’ ‘मेरी जंग: वन मॅन आर्मी’ हे नाव घेऊन हिंदीत आला तेव्हापासून हा ओघ जो सुरू झाला तो थांबलेला नाही. फ्री डिशवर तर चॅनेल बदला, दुसऱ्या चॅनेलवर तोच माणूस वेगळ्या लुंगीत कुणाला तरी मारत असतो. हीरो गुंडाला लाथ घालतो, गुंड झाडांवरून उडत जाऊन ट्रान्सफॉर्मरवर आदळतो, ठिणग्यांचा पाऊस पडतो. थिएटरात इथे शिट्ट्या येतात. आमच्याकडे हळहळ.

“गेली ना बाप्पा डीपी!” मोठेबाबा मांडीवर हात मारतात. “आता कधी बसवन? ऑइल नाई म्हणतीन. गहू ओंबीवर हाये लोकाइचा.”

“मोठेबाबा, गुंड मेला.”

“गुंड मेला त दुसरा भेटन बे. डीपी भेटते का?”

पुढे हीरो विजेचा खांब उपटून गरगर फिरवतो. मोठेबाबांना तो कोणत्या फीडरचा, एवढंच जाणून घ्यायचं असतं. मग खलनायकाच्या पांढऱ्या गाड्यांचा ताफा उभ्या पिकात शिरतो, आणि इथे दादाच्या पोराला, म्हणजे माझ्या पुतण्याला, हुकूम सुटतो: मागे घे. गाड्या मागे जातात, पीक पुन्हा उभं राहतं. “थांब. तूर हाये. फुलावर हाये.” एकरी किती गेलं ते बोटांवर मोजलं जातं. हीरोने गुंडांना मिरच्यांच्या ढिगात लोळवलं, तर त्यांची सहानुभूती गुंडांना नाही आणि हीरोलाही नाही, ती मिरचीला. ओली झाली तर व्यापारी भाव पाडतो. नाचाचं गाणं सुरू झालं की बाबांना मागच्या दारी ढोर सुटल्याची शंका येऊन ते उठतात, वहिनी चहा ठेवते, आणि मोठेबाबा नाचणाऱ्या दोनशे माणसांच्या पायाखाली कुणाचं वावर आहे ते बघत राहतात.

शाहरुख खानचा ‘जवान’ मात्र त्यांनी पंचनामा न करता पाहिला. २०२३चा. त्यात हीरो मेट्रो ताब्यात घेतो आणि त्या मोबदल्यात एका बड्या उद्योगपतीकडून चाळीस हजार कोटी वसूल करून लाखो शेतकऱ्यांच्या खात्यावर टाकतो, तेही त्याच गाडीत बसल्या बसल्या. त्याआधी ट्रॅक्टरच्या कर्जापायी गेलेल्या एका शेतकऱ्याची गोष्ट येते, तेव्हा खोलीत कुणी चिवडा चावला नाही. आमच्या भागात ती गोष्ट ऐकायला सिनेमा लागत नाही. मग पडद्यावर लोकांच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचे संदेश वाजू लागले आणि मोठेबाबांना वाचा फुटली.

“आधार लिंक होतं का सगळ्याइचं?”

“सिनेमा आहे मोठेबाबा.”

“हो. पण अंगठा कुठी घेतला?”

कर्जमाफीच्या ऑनलाइन फॉर्मसाठी रांगेत उभं राहून ज्याच्या बोटांचे ठसेच मशीनला सापडले नव्हते, त्या माणसाचा तो प्रश्न होता. पंचाहत्तर पैसे दिले त्यांनी ‘जवान’ला. आजवरचा उच्चांक. “बाकी सगळं होऊ शकते,” ते म्हणाले, “पण एका दिवसात पैसा, हे जरा जास्तच झालं.”

सगळं घर एका जागी बसून, न भांडता, पुन्हा पुन्हा बघतं असा सिनेमा एकच: ‘सूर्यवंशम’. मे १९९९मध्ये थिएटरात आला तेव्हा पडला, आणि नंतर सेट मॅक्सवर असा काही उठला की त्यावर देशभर विनोद झाले. त्या हसणाऱ्या लोकांकडे वीज होती. आमच्याकडे दोन हजारच्या दशकातली ती मधली वर्षं भारनियमनाची. पहिल्यांदा हीरा ठाकूरला बाप घराबाहेर काढतो तिथे लाइट गेले. पुढच्या खेपेला त्याने बस घेतली आणि लाइट गेले. बायको कलेक्टर होईपर्यंत दोन पावसाळे उलटले. विषाची खीर आम्हाला कितीतरी दिवस अर्धीच माहीत होती. नातू वाटी घेऊन निघाला, की पंखा थांबायचा. चॅनेलने तो इतक्या वेळा दाखवला नसता तर अर्ध्या विदर्भाला आजही हीराचा बाप ठाकूर भानुप्रताप वाचला की गेला ते कळलं नसतं.

त्यात सगळ्यांना सगळं मिळतं. बापलेकाची भूमिका अमिताभच करत असल्याने वाटणीचं भांडणही त्याचं त्याच्याशीच. बाबांना फक्त त्या बसची चिंता असते. एसटीच्या मार्गावर त्याला परमिट कुणी दिलं, आणि एका बसची एवढी मोठी कंपनी झाली तरी दारात एकदाही आरटीओ कसा आला नाही? वहिनीला त्यातली सून आवडते. सौंदर्या ही गुणी नटी पुढे २००४ साली विमान अपघातात गेली, ते आठवून ती दर वेळी हळहळते. सासू झालेली जयसुधा आणि सून झालेली सौंदर्या, दोघींनाही हिंदीत आवाज रेखाने दिला आहे, हे पुतण्याने मोबाइलवर शोधून सांगितलं तेव्हा मोठी आई म्हणाली, “तरीच! काहून भांडत नाई म्हटलं.”

आवाजावरून आठवलं. ‘बाहुबली’ हिंदीत बोलतो तो शरद केळकरच्या आवाजात आणि ‘पुष्पा’ बोलतो श्रेयस तळपदेच्या. मोठेबाबांनी या माहितीवरून हे दोन्ही सिनेमे मराठीच ठरवून टाकले आहेत. “हात पाय त्याइचे, पण तोंड आपलंच ना?” ‘पुष्पा’वर त्यांचा एक वेगळा राग आहे. तो गडी रक्तचंदनाचे ट्रकच्या ट्रक भरतो, टँकरमध्ये लपवतो, नदीत सोडतो. मोठेबाबांना स्वतःच्या धुऱ्यावरची दोन सागवानं तोडून दाराची चौकट करायची होती. तोडायची परवानगी वेगळी, वाहून न्यायचा पास वेगळा, आणि कागद या टेबलावरून त्या टेबलावर. २०२४च्या डिसेंबरात आलेला दुसरा भाग तीन तासांहून लांब आहे. तो संपला तेव्हा मोठेबाबा म्हणाले, “याले इचारा बरं, दोन झाडाचं काम किती घेते म्हणा.”

बायकांनीही एकदा उठाव केला. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ आला, गावोगावच्या बायका घोळक्याने बघून आल्या, आणि पुढे तो घरी लागला तेव्हा पुरुषांना ओसरीवर बसवण्यात आलं. सहा बहिणी, जुनी भांडणं, मंगळागौर. आत्या म्हणाली, “मंगळागौर काही आपल्याकडं नाई बा, पण भांडण आपल्याकडचंच हाये.” आतून आधी हसू आलं, मग रडू, मग आत्या आणि मोठी आई यांच्यात १९८० सालातल्या एका पातळावरून सुरू झालेली चर्चा. त्या रात्री स्वयंपाक झाला नाही. दादाने सावजीकडून पार्सल आणलं. ठराव किती योग्य होता हे रस्सा तोंडात असताना सगळ्या पुरुषांना पटलं, पण बोलायची हिंमत कुणात नव्हती.

हल्ली एक नवीन धोका आला आहे: मारधाडीच्या पोत्यात कौटुंबिक माल भरून येतो. ‘अ‍ॅनिमल’ असाच आला. पुतण्याने सांगितलं, जबरदस्त ॲक्शन आहे. तो प्रौढांसाठीचा सिनेमा, त्यामुळे आम्ही तिघंचौघं पुरुषच रात्री दार लोटून बसलो. रक्ताचा सडा ठीक होता. पण मूळ गोष्ट काय, तर बापाने वेळ दिला नाही. पाहता पाहता दादा गप्प झाला. मोठेबाबाही गप्प झाले. बंदुका धडधडत होत्या आणि खोलीत टाइपरायटर वाजल्यासारखं वाटू लागलं. मी उठून टीव्ही बंद केला आणि डोकं दुखत असल्याचं सांगितलं.

पुतण्याचं खरं थिएटर आता वावरात आहे. शेतीची लाइन आठवडा बदलून रात्रीची येते. मोटर चालू करून ओलित करत बसायचं, वर रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी जागल वेगळी. बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लांब नाही, त्यामुळे डुकरांच्या मागून आणखी कोण येईल ही धाकधूकही असते. त्याने मचाणाच्या बल्लीला ब्लूटूथ स्पीकर टांगला आणि ‘केजीएफ’ लावला. हातोडा पडू लागला तशी डुकरं पळाली. पण त्या सिनेमात मधूनमधून हीरोला आईची आठवण येते, गाणं हळवं होतं, आणि तेवढ्यात डुकरं हरभऱ्यात परत. सकाळी मोठेबाबांनी धुऱ्यावरून नुकसान पाहिलं आणि हुकूम दिला: “आईचं सगळं काढून टाक. नुसतं हाणामारीचं ठेव.” पोराने बसून तसं कापलं, आणि त्या रात्री पिकाला तोंड लागलं नाही.

आता शेजारच्या वावरवाल्यानेही स्पीकर बांधला आहे, आणि त्याच्याकडे ‘पुष्पा’ लागतो. आमची डुकरं त्याच्याकडे पळतात, त्याची आमच्याकडे. धुऱ्यावर रोज सकाळी त्यावरून बोलाचाली होते. परवा मोठेबाबा खताच्या नावाखाली आर्वीला जाऊन आले, आणि येताना ऑटोत खताची पोती नव्हती, डीजेवाल्याकडे असतं तसं एक काळं खोकं होतं.